गाडी विकली, पण नाव अजून तुमचेच

प्रश्न : मी परभणीत शिक्षक आहे. इंटरनेटवर जाहिरात देऊन माझी जुनी कार नांदेडच्या एका गृहस्थांना विकली. पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्यावर मालकी बदलाच्या (टीटी) फॉर्मवर सह्या करून आरसी बुक आणि गाडी त्यांच्या हवाली केली. पाच महिने उलटले, तरी त्यांनी गाडी नावावर करून घेतलेली नाही आणि सिग्नल तोडल्याच्या दंडाचे संदेश मला येत आहेत. माझी जबाबदारी किती?

उत्तर : दंडाची रक्कम ही यातली सर्वांत किरकोळ बाब आहे. उद्या त्या गाडीने अपघात झाला आणि तिचा विमा संपलेला असला, तर नुकसानभरपाईचा दावा आरसीवर ज्याचे नाव आहे त्याच्यावर, म्हणजे तुमच्यावर येईल. गाडी एकामागून एक अनेक हातांत गेलेली असतानाही नोंदणीकृत मालकालाच जबाबदार धरणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिला आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 नुसार, व्यवहार राज्यातल्या राज्यात असेल तर विकणाऱ्याने 14 दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत नाव बदलून घ्यायचे असते. ‘सह्या करून द्या, बाकीचे मी पाहतो’ असे म्हणणारा हे दुसरे काम लांबवतो, कारण पुढे आणखी कोणाला गाडी विकायची असेल तर मध्ये स्वतःचे नाव लावण्याचा खर्च त्याला नको असतो.

मुदत टळली असली तरी आजच नमुना 29 (गाडी विकल्याची सूचना) भरून परिवहन कार्यालयात द्या आणि आवक शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा. त्याचीच एक प्रत खरेदीदाराला स्पीड पोस्टाने पाठवा. गाडी कोणत्या तारखेला, किती वाजता ताब्यात दिली, हे लिहिलेली सही-पावती तुमच्याकडे असेल, तर त्यानंतरच्या चलानांविरुद्ध वाहतूक पोलिसांकडे तक्रार करताना तीच कामी येईल. अशी पावती बहुतेक जण घेतच नाहीत. हजार रुपयांच्या मोबाइलचे बिल मात्र वर्षानुवर्षे सांभाळतात. पावती नसेल, तर खात्यात रक्कम आल्याची नोंद आणि मोबाइलवरील संभाषण जोडा.

प्रश्न : जालन्यात बसून दिल्ली पासिंगची डिझेल कार अर्ध्या किमतीत मिळते आहे. बयाणा पाठवू का?

उत्तर : गाडी आणि कागद समोर पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून त्या बाहेरच्या राज्यांत स्वस्तात विकल्या जातात. मात्र तिथल्या कार्यालयाची एनओसी, महाराष्ट्राचा कर आणि नव्या नोंदणीचा खर्च धरला, तर ‘अर्धी किंमत’ अर्धी राहत नाही. कर्जाचा बोजा आरसीवर असल्यास कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र आणि बोजा उतरवण्याचा नमुना 35 आधी मागा. पैसे आधीच गेले असतील, तर वेळ न दवडता सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.