मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये जीएल-४ टाकावं की जीएल-५? ७५डब्ल्यू-८० ऐवजी ८०डब्ल्यू-९० चालेल का?

तुम्ही लिहिलंय की हँडबुकात ७५डब्ल्यू-८० (हा ऑइलचा दाटपणा) जीएल-४ (हा त्याचा प्रकार) आहे, दुकानात मात्र ८०डब्ल्यू-९० जीएल-५ मिळतंय, आणि मेकॅनिक म्हणतो की पाच हे चारापेक्षा भारीच असणार. शिवाय सकाळी दुसरा गिअर पडताना अडतो. दुकानातलं ते ऑइल घेऊ नका. हँडबुकातलं मागवून घ्या, चार दिवस उशीर झाला तरी काही बिघडत नाही.

जीएल-४, जीएल-५ ही शाळेतली इयत्ता नाही. जीएल-५ मुख्यतः मागच्या डिफरन्शियलमधल्या (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) हायपॉइड, म्हणजे तिरप्या-वळणदार दातांच्या गिअरसाठी असतं. तिथे दात एकमेकांवर भयंकर दाबाखाली घसरतात, म्हणून गंधक-फॉस्फरसची रसायनं जीएल-४च्या साधारण दुप्पट घातलेली असतात. ती पोलादावर थर धरतात आणि दात वाचवतात. तुमच्या गिअरबॉक्समध्ये मात्र हेलिकल (तिरप्या दातांचे) गिअर आहेत आणि त्यांच्यासोबत बहुतेक पितळी सिंक्रो रिंगा, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवणाऱ्या कड्या. ऑइल तापलं की त्यातलं सक्रिय गंधक तांब्याच्या मिश्रधातूंना हळूहळू खातं. हा झाला एक तोटा, आणि त्याबद्दल सगळेच बोलतात.

दुसरा तोटा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तुम्ही दांडा दुसऱ्यात ढकलता तेव्हा स्लीव्ह (दांड्याने सरकणारी कडी) सिंक्रो रिंगला गिअरच्या शंकूवर दाबते. रिंगच्या आतल्या बारीक आट्या तिथला तेलाचा थर खरवडून बाजूला करतात, रिंग शंकूला पकडते आणि क्षणभरात दोघांचा वेग एक होतो. मगच दात समोरासमोर येऊन स्लीव्ह आत सरकते. म्हणजे या जागी घर्षण हवंच! ऑइल फार निसरडं असेल तर रिंग घसरत राहते, वेग जुळायच्या आत दात भिडतात आणि ‘खर्र’ ऐकू येतं. म्हणूनच गिअरबॉक्समध्ये मोली किंवा टेफ्लॉनची बाटली ओतणं, लिमिटेड स्लिप डिफरन्शियलसाठीचं ‘एलएस’ ऑइल टाकणं, हे सगळे नसते उद्योग.

आता याला अपवाद आहेत. काही कंपन्या आपल्या गिअरबॉक्सला स्वतःच जीएल-५ सांगतात, काहींना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) किंवा खास एमटीएफ (मॅन्युअल गिअरबॉक्सचं ऑइल) लागतं, आणि जुन्या काही होंडांमध्ये तर चक्क इंजिन ऑइल पडायचं. त्यामुळे हँडबुकात जे असेल तेच खरं. डब्यावर ‘जीएल-४/जीएल-५’ असं दोन्ही छापलेलं असेल, तर सिंक्रो असलेल्या गिअरबॉक्ससाठी चालतं असं स्पष्ट लिहिलंय का, ते बघा. गाडी रिअर व्हील ड्राइव्ह असेल तर डिफरन्शियलचं जीएल-५ वेगळं असतं. एकच डबा दोन्हीकडे ओतायचा मोह टाळा.

दाटपणाचंही असंच. गिअर ऑइलची मोजपट्टी इंजिन ऑइलपेक्षा वेगळी आहे. १०० अंश सेल्सिअसला ‘८०’ म्हणजे ८.५ ते ११ सेंटिस्टोक्स (दाटपणाचं एकक) आणि ‘९०’ म्हणजे १३.५ ते १८.५. म्हणजे गिअरचं ९० हे इंजिनच्या ४०-५० च्या आसपासच असतं. पण तुमच्या ८० च्या जागी ९० टाकलं तर गरम असतानाही ते बरंच दाट पडणार, आणि थंडीत फरक आणखी वाढणार. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला: ७५डब्ल्यूची चाचणी उणे ४० अंशाला होते, ८०डब्ल्यूची उणे २६ ला. दाट ऑइल रिंगखालून लवकर निघत नाही, म्हणून सकाळी दुसरा अडतो आणि दहा-पंधरा मिनिटांनी सुतासारखा पडतो.

मात्र ऑइलवर खर्च करण्याआधी क्लच तपासा. गाडी जागेवर, इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबून पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. खरखरला तर क्लच नीट सुटत नाही, ऑइलचा दोष नाही. आणि गाडी तापल्यावरही फक्त दुसराच खरखरत असेल तर ती रिंग झिजलेली आहे. ऑइल बदलून ती परत यायची नाही.

बदलताना गाडी थोडी चालवून ऑइल कोमट करा आणि गाडी सपाट उभी करा. आधी फिलर प्लग (ऑइल भरायच्या भोकाचं बूच) उघडा, मग ड्रेन (खालचं, ऑइल काढायचं). उलट केलंत आणि फिलर जाम निघाला, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसाल. ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावरची राखाडी, पेस्टसारखी मळी नेहमीचीच. ऑइलमध्ये सोनेरी चकाकी दिसली म्हणजे रिंगा झिजतायत. बोटाला टोचणारे पोलादाचे तुकडे दिसले तर गिअरबॉक्स उघडावा लागेल. वॉशर नवा घाला, प्लग हँडबुकात दिलेल्या जोराइतकाच (टॉर्क) आवळा, कारण गिअरबॉक्सचं कवच बहुधा मऊ ॲल्युमिनियमचं असतं. छोट्या गाड्यांना साधारण २ लिटर लागतं. बहुतेक गिअरबॉक्समध्ये फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत आलं की पुरे. काहींमध्ये लेव्हलचं भोक नसतं, तिथे हँडबुकातलं माप मोजून ओता. कमी भरलं तर अनेक गिअरबॉक्समध्ये टोकाला बसलेल्या पाचव्या गिअरला आधी चटका बसतो. जास्त भरलं तर फेस होतो, सीलमधून झिरपतं आणि क्लच प्लेटपर्यंत पोचू शकतं.

आणि कुणी आधीच जीएल-५ टाकून ठेवलं असेल तर घाबरू नका, रिंग एका दिवसात विरघळत नाही. ते काढा, योग्य ऑइल भरा. कोपऱ्यांत थोडं जुनं राहतंच, तेव्हा काहीशे किलोमीटरनंतर गिअर अजूनही खरखरत असतील तर ऑइल पुन्हा एकदा बदला.