सतरा वर्षांचा मुलगा कमावतो, वेगळा राहतो. पोटगी बंद करू का? (गोवा)

नाही, मुलगा कळंगुटच्या शॅकवर (किनाऱ्यावरच्या हंगामी खानावळीत) कामाला लागला नि भाड्याच्या खोलीत राहू लागला, तरी कोर्टाने ठरवलेली पोटगी तुम्हाला आपल्या मनाने थांबवता येत नाही. अमेरिकेतल्या काही राज्यांत कोर्ट अल्पवयीनाला आईबापांपासून मोकळं जाहीर करतं. ते ऐकून इथे हप्ता चुकवू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५) अल्पवयीन मुलाला, त्याचं लग्न झालेलं असलं तरी, पोटगीचा हक्क देतं. मात्र तो स्वतःचा खर्च भागवू न शकणारा हवा. म्हणून पगाराचा पुरावा जोडून कलम १४६ खाली रक्कम बदलण्याचा अर्ज करा आणि निकालापर्यंत भरत राहा. थकबाकीवर वॉरंट निघतं. शॅक पावसात बंद असतात, तेव्हा तो काय खातो, हे मॅजिस्ट्रेट विचारू शकतात.