राउटरचा लॉग वाचण्याआधी त्याचं घड्याळ बघा

रात्री नऊनंतर नेट रांगतं, राउटरच्या यादीत दोन-तीन अनोळखी नावं दिसतात आणि सिस्टम लॉगमध्ये (राउटर स्वतः ठेवतो त्या नोंदींत) सगळीकडे १ जानेवारी १९७०, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्यावरून शेजारच्या फ्लॅटवर संशय घेऊ नका. आत्ता तुमच्याकडे पुरावा म्हणावा असं काहीच नाही.

आधी ती तारीख. घरगुती राउटरमध्ये सहसा घड्याळाचा सेल नसतो. लाइट गेली किंवा झोपताना कोणी बटण बंद केलं (आपल्याकडे ही सवय बऱ्याच घरांत आहे) की तो वेळ विसरतो आणि १९७० पासून मोजायला लागतो, कारण युनिक्सची कालगणना तिथून सुरू होते. ॲडमिनिस्ट्रेशन किंवा सिस्टम टूल्समध्ये टाइम सेटिंग शोधा, एनटीपी (नेटवरून वेळ जुळवून घेण्याची सोय) चालू करा, टाइम झोन +५:३० ठेवा. झोन नक्की तपासा. काही राउटरच्या डब्यांत चीनची +८ वेळ तशीच राहिलेली असते. मग साडेअकराला झोपलेल्या मुलाचा फोन रात्री दोन वाजता जोडलेला दिसतो आणि घरात उगाच भांडण लागतं.

आता अनोळखी नावं. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन वायफायला आपला खरा मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) देत नाहीत, बनावट देतात. ओळखायची खूण सोपी आहे: पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बहुतेक असाच बनवलेला पत्ता, म्हणजे बव्हंशी घरातलाच कुणाचा तरी फोन. 'ईएसपी' ने सुरू होणारं नाव दिसलं तर घाबरू नका, स्मार्ट बल्ब किंवा प्लगमधली चिप असते ती. घरच्या फोनांवर फक्त आपल्या वायफायपुरता हा खासगी पत्ता बंद करा, मग एकेक वस्तू बंद करत यादीतून कोण गळतं ते पाहा आणि ओळख पटली की तिथल्या तिथे नाव द्या: 'आईचा फोन', 'हॉलचा टीव्ही'. तासाभराचं काम आहे, पण याच्याशिवाय कुठलंही मॉनिटरिंग फुकट. इतकं करूनही एखादं नाव उरलं तर शोध घेत बसू नका. वायफायचा पासवर्ड बदला आणि डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने वायफाय जोडण्याची सोय) बंद करा. त्याच्या पिनमधली खोट २०११ सालीच उघड झाली आहे.

पाहण्याची सोय झाली, आता दार. ॲडमिनचा, म्हणजे राउटरची सेटिंग उघडण्याचा, पासवर्ड वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा हवा, कारण वायफायचा पासवर्ड पाहुण्यांपासून कामवाल्या ताईंपर्यंत सगळ्यांकडे असतो. रिमोट मॅनेजमेंट बंद. बाहेरगावी असताना राउटर उघडायची गरज सहसा पडत नाही, आणि आपल्या बऱ्याच कनेक्शनवर ते तसंही चालत नाही: राउटरच्या सेटिंगमध्ये दिसणारा वॅन (नेटच्या बाजूचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यात असेल तर तुम्ही कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे आहात, बाहेरून थेट तुमच्या राउटरपर्यंत पोहोचता येत नाही. पण आयपीव्ही६ (नेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर हा आडोसा नसतो, म्हणून त्याचा फायरवॉल (बाहेरून येणारं अडवणारी सोय) चालू आहे ना ते वेगळं बघा. एसएनएमपी (उपकरणांवर दुरून नजर ठेवण्याची सोय) वापरत नसाल तर बंद, यूपीएनपीही (गेम आणि ॲपना राउटरमधून आपोआप वाट उघडू देणारी सोय) बंद. गेम अडकला तर परत चालू करता येतो.

टीआर-०६९ (नेट कंपनीला दुरून राउटर सांभाळू देणारी सोय) बद्दल थोडं सांभाळून. डबा कंपनीचा असेल तर त्याला हात लावू नका, फर्मवेअर (राउटरचं आतलं सॉफ्टवेअर) आणि दुरुस्ती तिथूनच येते. राउटर तुमचा स्वतःचा असेल तर बंद करा. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची सेवा कोलमडली, तो हल्ला याच कामाच्या ७५४७ पोर्टवर (राउटरच्या त्या क्रमांकाच्या दारावर) झाला होता.

ॲडमिन पान फक्त ठरावीक मॅक पत्त्यावरूनच उघडावं, अशी सोय काही राउटरांत असते. मी ती वापरायला सांगणार नाही. फोनने पत्ता बदलला की तुम्हीच बाहेर, मग टाचणीने रिसेट, आणि रिसेटबरोबर पीपीपीओईचं (राउटर नेट कंपनीकडे लॉगिन करतो त्याचं) युजरनेम-पासवर्डही जातं. ते बहुधा केबलवाल्याच्या पोराने इन्स्टॉलेशनच्या दिवशी भरलेलं असतं आणि तुमच्याकडे कुठेच लिहिलेलं नसतं. रविवारी संध्याकाळी तो फोन उचलेल याची खात्री नाही. म्हणून काहीही बदलण्याआधी कॉन्फिगरेशनचा बॅकअप घ्या आणि ते युजरनेम-पासवर्ड व व्हीलॅन आयडी (कंपनीने जोडणीला दिलेला क्रमांक) मागून वहीत लिहून ठेवा.

मुलगा काय बघतो ते लॉगमध्ये दिसेल का, हेही विचारलंय तुम्ही. फार तर साइटचं नाव दिसेल. पानावर काय होतं ते एचटीटीपीएसमुळे (साइटशी होणारी देवघेव कुलूपबंद असल्याने) दिसत नाही आणि फोनवर प्रायव्हेट डीएनएस (साइटचा पत्ता गुपचूप विचारण्याची सोय) लावलं की नावंही जातात. शिवाय तो मोबाइल डेटावर जाईल. त्याच्याशी बोला.

लॉगमध्ये 'पोर्ट स्कॅन' किंवा 'डॉस अटॅक' अशा ओळी दिसतील. जगभरातली यंत्रं दिवसरात्र प्रत्येक पत्ता चाचपत असतात, त्याची ती नोंद. ओळ आली म्हणजे बहुधा अडवलंय. लॉग राउटरच्या मेमरीत असतो आणि रिस्टार्टबरोबर पुसला जातो. सतत चालू राहणारा कॉम्प्युटर असेल तर सिसलॉगने (नोंदी दुसऱ्या यंत्राकडे धाडण्याच्या सोयीने) लॉग त्याच्याकडे पाठवा, नाहीतर सेव्हचं बटण पुरेसं.

राहिलं रात्रीचं रांगणं. साडेनऊला लॅपटॉप केबलने राउटरला जोडून स्पीड मोजा. केबलवर ठीक आणि वायफायवर मंद असेल तर तो सोसायटीतल्या गर्दीचा प्रकार आहे. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ एवढे तीनच, आणि भिंतीपलीकडे डझनभर राउटर. टीव्ही आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर घ्या. केबलवरही मंद असेल तर लॉगमध्ये पीपीपीओई तुटल्याच्या ओळी शोधा, आता त्यांच्यावर खरी वेळ असेल. तीन-चार रात्रींचे स्क्रीनशॉट केबलवाल्याला पाठवा. नुसतं 'राउटर रिस्टार्ट करून बघा' म्हणून मग तो सुटत नाही.