आइरे नोंदणी: सुरुवातीला एवढंच बघा

अभिनंदन, इटालियन पासपोर्ट घेऊन लंडनला शिफ्ट झालात, छानच! आता आइरेचं (म्हणजे परदेशात राहणाऱ्या इटालियन नागरिकांच्या सरकारी नोंदवहीचं) टेन्शन घेऊ नका, काम सोपं आहे आणि फुकट आहे, एजंटला एक पैसा देऊ नका.

बारा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर पोचल्यापासून ९० दिवसांच्या आत नोंदणी करायची, हे कायद्याने बंधनकारकच आहे. 'बघू नंतर' म्हणून लोक वर्षानुवर्षं ढकलतात, पण २०२४ पासून दंड वर्षाला २०० ते १००० युरो आहे, तोही पाच वर्षांपर्यंतचा लागू शकतो.

फास्ट इट या इटालियन कॉन्सुलेटच्या ऑनलाइन पोर्टलवर अकाउंट उघडा, फॉर्मवर सही करा, पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा जोडा. बहुतेक अर्ज इथेच अडकतात, कारण लाइट बिल घरमालकाच्या नावावर असतं नाहीतर स्कॅन अर्धवट कापलेला असतो, तर तुमच्या स्वतःच्या नावाचाच कागद लावा.

- बायको-मुलं इटालियन नागरिक असतील तर त्यांचीही नावं त्याच अर्जात टाका.
- घर बदललं की नवा पत्ता कळवा, इटलीच्या निवडणुकीची मतपत्रिका पोस्टाने त्याच पत्त्यावर येते.

कॉन्सुलेट अर्ज तुमच्या कोमूनेकडे (इटलीतल्या नगरपालिकेकडे) पाठवतं, खरी नोंद तिथे होते, त्यामुळे वेळ लागतो. पासपोर्ट रिन्यूअलचं नंतर बघू, आधी हे उरका!