वाचकांचे प्रश्न : ऐरणीवर आधी काय ठेवायचं?

या महिन्यात खानदेशातून आलेल्या बऱ्याच पत्रांचा विषय एकच आहे. फँटसी गेममधली शस्त्रं, चिलखतं आणि बाकीचं गिअर अपग्रेड करताना सामान संपतं, आणि ते भलत्याच वस्तूवर खर्च झालं हे नंतर कळतं. जागेअभावी पत्रं संक्षिप्त केली आहेत. उत्तरांत आकडे मात्र पूर्ण दिले आहेत, कारण या कामात खरी मदत आकड्यांचीच होते.

एल्डन रिंगमध्ये माझी तलवार +३ वर अडकली आहे. दगड आहेत, रून्स (शत्रू मारून मिळणारं चलन) आहेत, तरी ऐरण पुढे जाऊ देत नाही. हौसेने चार शस्त्रं +३ करून ठेवलीत, ते चुकलं का? (भुसावळ)

तुम्ही चर्च ऑफ एलेहमधली ऐरण वापरताय. ती +३ पर्यंतच चालते. पुढचं सगळं काम राउंडटेबल होल्डमधला लोहार ह्यू करतो.

आता हिशेब. साध्या शस्त्राला स्मिदिंग स्टोन लागतात आणि ते +२५ पर्यंत जातं. दगडांचे १ ते ८ असे क्रमांक आहेत. प्रत्येक क्रमांकात तीन पायऱ्या, त्यांना अनुक्रमे २, ४ आणि ६ दगड, म्हणजे क्रमांकामागे १२. +२४ पर्यंत ९६ दगड जातात आणि शेवटच्या पायरीला एक एन्शंट ड्रॅगन स्मिदिंग स्टोन लागतो. खास शस्त्रांचा मार्ग वेगळा आहे. त्यांना सोम्बर स्मिदिंग स्टोन लागतात, दर पायरीला एकच, आणि ती +१० ला पूर्ण होतात. ताकदीच्या मानाने सोम्बरचं +१० म्हणजे साध्याचं +२५. म्हणून +८ ची साधी तलवार आणि +३ ची खास तलवार साधारण एकाच पातळीच्या समजा. नुसता आकडा मोठा दिसतो म्हणून खास तलवार टाकून देऊ नका.

चार शस्त्रांवर तुमचे १ क्रमांकाचे ४८ दगड गेले. त्याची हळहळ नको, कारण ते पुढे विकत मिळतात. लियुर्नियातल्या राया लुकारिया क्रिस्टल टनेलमध्ये क्रिस्टलियन हा बॉस आहे. तो पाडला की स्मिदिंग-स्टोन मायनर्स बेल बेअरिंगची पहिली प्रत मिळते. ती राउंडटेबलमधल्या ट्विन मेडन हस्क्स या व्यापाऱ्यांना दिली की १ आणि २ क्रमांकाचे दगड हवे तेवढे विकत घ्या. क्रिस्टलियनवर तलवार नुसती घसरते. त्याचा तोल मोडेपर्यंत हातोडा किंवा जड शस्त्र घेऊन उडी मारून वार करा. एकदा गुडघ्यावर आला की नेहमीसारखा मार लागतो. ३ आणि ४ क्रमांकाची बेल बेअरिंग आल्टसमधल्या सील्ड टनेलमध्ये आहे. ती हाती येईपर्यंत या दोन क्रमांकांचे दगड एकाच शस्त्राला द्या. एन्शंट ड्रॅगन स्टोन तर एका खेळात मोजकेच मिळतात, आणि अपग्रेड उलटवून दगड परत घेण्याची सोय या गेममध्ये कुठेच नाही.

बॉस मारून रून्स आले की आधी ऐरणीवर जा, लेव्हल नंतर वाढवा. सुरुवातीच्या भागात शस्त्राच्या एका पायरीचा फायदा पात्राच्या एका लेव्हलपेक्षा ठळक दिसतो.

भाऊ, मनी तलवार +९ ले पोचनी, तरी बी मार बसत नही. स्ट्रेंग्थ तं ४० शे! (शिरपूर)

तलवारीच्या माहितीत स्केलिंगखाली स्ट्रेंग्थपुढे कोणतं अक्षर आहे ते बघा. E सर्वांत कमजोर, मग D, C, B, A आणि सर्वांत वर S. तिथे E किंवा D असेल तर तुमच्या ४० स्ट्रेंग्थचा फार थोडा भाग तलवारीत उतरतो. अशा वेळी आणखी दगड घालण्याआधी अ‍ॅफिनिटी (शस्त्र कोणत्या गुणावर चालतं ते) बदला. गेटफ्रंट रुइन्समधली व्हेटस्टोन नाइफ आणि स्टॉर्मव्हेल कॅसलमधली आयर्न व्हेटब्लेड एवढंच त्यासाठी लागतं. अ‍ॅश ऑफ वॉर (शस्त्राला खास चाल देणारी वस्तू) चढवताना ‘हेवी’ निवडलं की स्ट्रेंग्थचं अक्षर चढतं. हे काम ग्रेसवर (विश्रांतीच्या जागी) बसून फुकट होतं. तलवार दोन्ही हातांत धरली तर स्ट्रेंग्थ दीडपट धरली जाते, म्हणजे तुमची ४० ची ६०. सोम्बर शस्त्राची अ‍ॅफिनिटी मात्र बदलत नाही.

एल्डन रिंगमध्ये चिलखत कुठे अपग्रेड करतात? सगळीकडे फिरलो. (अमळनेर)

कुठेच नाही. २०११ च्या डार्क सोल्समध्ये चिलखत टायटनाइटने वाढायचं, त्यामुळे हा समज टिकून आहे. इथे फक्त वजन सांभाळायचं. एकूण भार ७० टक्क्यांच्या खाली ठेवा, तोवर नेहमीची कोलांटी मारता येते. ७० ला पोचलात की पात्र धपकन पडतं आणि जड चिलखताचा सगळा फायदा तिथेच जातो.

स्कायरिममध्ये मंतरलेली तलवार सहाणेवर नेली की सुधारताच येत नाही. आणि लोखंडी खंजीर बनवून बनवून स्मिदिंग वाढवायची युक्ती अजून चालते का? (चोपडा)

मंतरलेल्या वस्तूला आर्केन ब्लॅकस्मिथ हा पर्क (लेव्हल वाढल्यावर निवडायचं खास कौशल्य) लागतो. स्मिदिंग ६० झालं आणि आधीचा स्टील स्मिदिंग पर्क घेतला की तो मिळतो. तोवर क्रम उलटा ठेवा : साधी वस्तू आधी सुधारा, मंतर नंतर घाला. सुधारलेली धार मंतरल्यावरही कायम राहते. तलवार सहाणेवर आणि चिलखत वर्कबेंचवर सुधारतात. दर खेपेला त्या धातूची बहुधा एकच इंगट (धातूची वीट) लागते, पोलादाला पोलादाची, लोखंडाला लोखंडाची. म्हणजे इथे सामानाची टंचाई नसते, कमी पडते ती कौशल्याची पातळी. त्यामुळे पर्क घेताना सगळीकडे एकेक शिंपडू नका. अंगावर ज्या धातूचं गिअर आहे त्याचाच पर्क घ्या, त्याने त्या धातूच्या वस्तू दुप्पट सुधारतात.

खंजिराची युक्ती जुन्या आवृत्तीतली आहे. पुढे एका अपडेटमध्ये स्मिदिंगचा अनुभव वस्तूच्या किमतीवर ठरू लागला, आणि खंजीर स्वस्त. आता सोन्याच्या अंगठ्या बनवा. ट्रान्सम्यूट हा मंत्र लोखंडाच्या खनिजाची चांदी आणि चांदीचं सोनं करतो, आणि एका इंगटमध्ये दोन अंगठ्या होतात. ड्वेमर या लुप्त जमातीच्या अवशेषांत गेलात तर वाकलेले पत्रे उचला. वजन २, आणि वितळवून ३ इंगट. सॉलिड ड्वेमर मेटल ५ इंगट देतं, पण वजन २५ आहे, ते तिथेच राहू द्या. त्या इंगटांचे ड्वार्व्हन धनुष्य करा, दोन ड्वार्व्हन आणि एक लोखंडी इंगट लागते.

चिलखताचा आकडा ५६७ झाला की थांबा. डोकं, छाती, हात, पाय असे चारही भाग अंगावर असतील तर तिथे मार ८० टक्के कमी होतो, आणि त्यापुढे वाढवूनही काही हाती लागत नाही.

मी आठवीत आहे. माइनक्राफ्टमध्ये पूर्ण नेदराइट चिलखत करायला नक्की किती सामान लागतं? माझी तलवार ऐरणीवर ‘टू एक्स्पेन्सिव्ह’ दाखवते. (शहादा)

आधी चिलखत. डायमंडचा पूर्ण संच हवा : हेल्मेट ५, चेस्टप्लेट ८, लेगिंग्ज ७, बूट ४, म्हणजे २४ डायमंड. त्यावर चार नेदराइट इंगट. एका इंगटला ४ नेदराइट स्क्रॅप आणि ४ सोन्याच्या इंगट, म्हणजे एकूण १६ एन्शंट डेब्री (स्क्रॅप देणारं खनिज) वितळवावे लागतील आणि १६ सोनं लागेल. २०२३ च्या १.२० आवृत्तीपासून प्रत्येक भागाला एक अपग्रेड टेम्प्लेटही लागतो आणि तो वापरला की संपतो. म्हणून पहिला टेम्प्लेट मिळाला की लगेच वापरू नकोस. आधी त्याच्या प्रती काढ. एका प्रतीला ७ डायमंड आणि १ नेदररॅक. तीन प्रतींचे २१ डायमंड धरून तुझा एकूण खर्च ४५ डायमंड होतो. हे लक्षात न घेता बरेच जण पहिलाच टेम्प्लेट बुटांवर घालवतात आणि मग दुसऱ्यासाठी पुन्हा वणवण.

टेम्प्लेट नेदरमधल्या (गेममधल्या पाताळातल्या) बॅस्टियनमध्ये, म्हणजे पिगलिनच्या पडक्या किल्ल्यात, मिळतो. अंगात सोन्याचा एक तरी भाग घाल, म्हणजे पिगलिन सोडून देतात. पण त्यांच्यासमोर पेटी उघडलीस किंवा सोनं खणलंस तर ते चिडतात, आणि पिगलिन ब्रूट सोन्याला जुमानतच नाही. डेब्री शोधायला Y (उंचीचा आकडा) १५ च्या आसपास लांब बोगदा खण. डेब्री स्फोटाने फुटत नाही, म्हणून नेदरमध्ये पलंगाचा स्फोट करून आजूबाजूचा दगड उडवता येतो. पलंग आणि तू यांच्यामध्ये एक ब्लॉक ठेव, नाहीतर चिलखतासकट जाशील.

आता तलवार. ऐरणीवर वस्तू जितक्या वेळा जाते तितका पुढच्या वेळचा दंड वाढतो : ०, १, ३, ७, १५, ३१ लेव्हल. खर्च ४० किंवा जास्त झाला की ‘टू एक्स्पेन्सिव्ह’. तू मंतरांची पुस्तकं तलवारीवर एकेक करून चढवली असणार. चार पुस्तकांचा दंडच ०+१+३+७, म्हणजे ११ होतो. त्याऐवजी पुस्तकं आधी आपसात जोड, दोन-दोनच्या जोड्या, मग त्या दोन जोड्या एकत्र, आणि शेवटी तलवार. दंड ५ वर येतो, आणि तलवार ऐरणीवर एकदाच जाते. अडकलेली तलवार मंतर राखून सोडवता येत नाही. नवी डायमंड तलवार घे आणि या क्रमाने कर. मग नेदराइट करायला स्मिदिंग टेबलवर ने, मंतर जसेच्या तसे राहतात.

मुलगा अकरावीत आहे. म्हणतो, गेनशिन इम्पॅक्टमध्ये शस्त्र वाढवायला पैसे भरावेच लागतात. खरं आहे का? (पाचोरा)

नाही, ताई. शस्त्र लेव्हल ९० पर्यंत न्यायला जे लागतं ते सगळं खेळून मिळतं. पैसे जातात ते नवं पात्र किंवा नवं शस्त्र सोडतीत काढायला, आणि तेच पंचतारांकित शस्त्र पुन्हा काढून त्याचं रिफाइनमेंट करायला. रिफाइनमेंट न केलेल्या शस्त्रानेही गेम पूर्ण खेळता येतो.

मुलाला पुढचं वाचायला द्या. शस्त्राचं साहित्य वारानुसार मिळतं. सोमवार-गुरुवार एक, मंगळवार-शुक्रवार दुसरं, बुधवार-शनिवार तिसरं, आणि रविवारी सगळं. डोमेनच्या (साहित्य मिळवायच्या जागेच्या) एका फेरीला २० रेझिन (आपोआप भरणारी ऊर्जा) जातात, आणि एक रेझिन भरायला ८ मिनिटं लागतात. म्हणजे एक चुकीची फेरी २ तास ४० मिनिटांची. अ‍ॅडव्हेंचर रँक ४५ च्या आधी आर्टिफॅक्टमागे (पात्राला घालायच्या वस्तूंमागे) रेझिन घालवू नये, कारण पंचतारांकित आर्टिफॅक्टची खात्री तिथून सुरू होते. मिळालेला आर्टिफॅक्ट थेट +२० करू नये. दर चार लेव्हलला एक उपगुण वाढतो, म्हणून +४ आणि +८ वर थांबून बघायचं. क्रिटऐवजी (अधूनमधून बसणाऱ्या मोठ्या माराऐवजी) नुसता डिफेन्स वाढत असेल तर तो दुसऱ्यात घालायचा. सराफाकडे दागिना मोडताना घट धरतात तशी इथेही धरतात, घातलेल्या अनुभवापैकी ८० टक्के परत मिळतो.

विचर ३ मध्ये ग्रिफिन संचाची पुढची पायरी बनत नाही. डायग्राम (वस्तू बनवण्याचा आराखडा) आहे. (धुळे)

आधीची पायरी विकली असणार. पुढच्या पायरीत आधीची वस्तूच सामान म्हणून लागते. ज्याला विकली त्याच व्यापाऱ्याकडे आधी बघा. नसेल तर जुन्या डायग्रामवरून पुन्हा बनवा. मास्टरक्राफ्टेड पायरीसाठी चिलखताला योआना आणि तलवारीला हट्टोरी लागतो. दोघांचं काम त्यांची क्वेस्ट पूर्ण केल्यावरच सुरू होतं.

अपग्रेड करताना लाईट गेली आणि एल्डन रिंगची सेव्ह उघडेना. इन्व्हर्टर असूनही पीसी बंद पडतो. (रावेर)

गेम सतत सेव्ह करत असतो. लिहिता लिहिता वीज गेली की फाइल बिघडते. विंडोजमध्ये अ‍ॅपडेटा, मग रोमिंग, मग एल्डनरिंग या फोल्डरात जा. तिथे बिघडलेल्या .एसएल२ (.sl2) फाइलशेजारी त्याच नावाची .बॅक (.bak) फाइल असते. दोन्हींची प्रत आधी पेनड्राइव्हवर काढा. मग मूळ फाइल हलवा आणि .बॅकच्या नावातला तो शेवटचा भाग काढा. स्टीमने क्लाउडबद्दल विचारलं तर कॉम्प्युटरवरची फाइल निवडा, नाहीतर बिघडलेली पुन्हा खाली येईल.

इन्व्हर्टरवर बहुधा मागच्या बाजूला यूपीएस आणि नॉर्मल असं बटण असतं. नॉर्मलवर वीज बदलायला वेळ लागतो आणि तेवढ्यात पीसी बंद होतो. ते यूपीएसवर करा. वेगळा यूपीएस घेणार असाल तर ६०० व्हीएचा साधारण ३६० वॅटच देतो. ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर धरून तुमचा भार त्याहून जास्त असेल तर तो गेम चालू असतानाच ट्रिप होईल, तेव्हा १००० व्हीए किंवा वरचा बघा.