ईस्टलेक खुर्ची की ईस्टलेकची खुर्ची?

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका वाचकाने जुन्या सामानाच्या विक्रीत खणांचं एक कपाट घेतलं. वर संगमरवरी फळी आणि आरसा, खाली तीन खण. चिठ्ठीवर इतकंच होतं : 'ईस्टलेक, सुमारे १८८०'. त्यांचा प्रश्न असा की ईस्टलेक हे गाव आहे, कारखाना आहे की लाकडाची जात? आणि मराठीत 'ईस्टलेकचं कपाट' असं लिहिलं तर बरोबर होईल का?

ईस्टलेक हे आडनाव आहे. म्हणून ते सलग लिहायचं. 'ईस्ट लेक' असं तोडून लिहिलं की वाचणाऱ्याला पूर्वेकडचं एखादं तळं दिसू लागतं, आणि गाव की कारखाना हा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

चार्ल्स लॉक ईस्टलेक (१८३६–१९०६) हा प्लिमथचा इंग्रज. शिकला वास्तुकला, पण नाव झालं ते लेखणीमुळे. घरातलं सामान कसं असावं यावर त्याने आधी नियतकालिकांतून लिहिलं आणि १८६८ साली लंडनमध्ये 'हिंट्स ऑन हाउसहोल्ड टेस्ट' हे पुस्तक काढलं. तेव्हाच्या इंग्लंडमधल्या दिवाणखान्यांत नागमोडी पायांच्या, फुगीर पाठीच्या, फुलापानांच्या कोरीव कामाने लगडलेल्या खुर्च्या असत. ईस्टलेकला त्या मनापासून नापसंत होत्या. त्याचं म्हणणं असं : लाकडाचा धागा सरळ जातो, तर त्याला ओढूनताणून वाकवायचं कशाला? वाकवलं की ते कमकुवत होतं आणि महागही पडतं. सांधा खाच आणि कुसू (खाचेत घट्ट बसणारं लाकडाचं टोक) घालून पक्का करावा, तो लपवू नये. वरून पातळ पापुद्रा चिकटवून भारी लाकडाचा आव आणू नये, चकचकीत पॉलिशखाली लाकूड झाकू नये. नक्षी करायचीच तर उथळ, पृष्ठभागाला धरून करावी. हे सगळं त्याने सामान्य गृहस्थाला समजेल अशा भाषेत लिहिलं, आणि माझ्या मते तीच त्या पुस्तकाची खरी ताकद आहे.

१८७२ मध्ये पुस्तकाची अमेरिकी आवृत्ती बॉस्टनला निघाली आणि तिथे ते इंग्लंडपेक्षाही जास्त गाजलं. मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्ससारख्या गावांत वाफेवर चालणारे फर्निचरचे कारखाने जोरात होते. सरळ रेषा, चौकोनी बांधा, उथळ खोदरेघा, कातीव दांड्यांची रांग ही सगळी कामं यंत्राला सोपी. कारखानदारांनी ती उचलली, अक्रोडाच्या कपाटांवर गाठीदार लाकडाचे पातळ पापुद्रे चिकटवले आणि मालाला नाव दिलं 'ईस्टलेक'. पापुद्रे चिकटवू नका असं लिहिणाऱ्याचंच नाव! १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनानंतर नव्या धाटणीच्या घरसामानाची आवड आणखी पसरली. पुढे दाराच्या मुठी, बिजागऱ्या, इतकंच काय, कॅलिफोर्नियातली लाकडी घरंसुद्धा 'ईस्टलेक' झाली.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. मराठीतला चा-ची-चं हा प्रत्यय ढिला वाटला तरी अशा जागी तो फार नेमकं सांगतो. 'गांधी टोपी' आणि 'गांधींची टोपी' यांत मराठी माणूस कधी घोटाळा करत नाही. पहिली गावच्या सरपंचाच्या डोक्यावर असते, दुसरी फक्त गांधीजींनी स्वतः घातलेली. 'नेहरू शर्ट' शिंपी रोज शिवतो, 'नेहरूंचा शर्ट' मात्र त्याला शिवता येणार नाही. नाव नामाला नुसतं चिकटलं की प्रकार कळतो, प्रत्यय लागला की मालक किंवा कर्ता कळतो. त्यामुळे 'ईस्टलेक कपाट' हे बरोबर. 'ईस्टलेकचं कपाट' म्हटलं की ते त्याने घडवलं, रेखाटलं किंवा निदान त्याच्या घरात होतं असा अर्थ निघतो. तुमच्या कपाटाबद्दल यातलं काहीच म्हणता येत नाही. पुस्तकात त्याची स्वतःची काही रेखाटनं आहेत, त्याबरहुकूम काही वस्तू इंग्लंडमध्ये बनल्याही. तशी एखादी खात्रीची वस्तू मिळाली तर खुशाल 'ईस्टलेकची' म्हणा.

हा काटेकोरपणा खुद्द त्या गृहस्थालाही हवा होता. १८७८ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने स्पष्ट लिहिलं की अमेरिकी व्यापारी ज्याला 'ईस्टलेक' फर्निचर म्हणतात त्याच्या निर्मितीशी माझा काडीचा संबंध नाही आणि त्या अभिरुचीची जबाबदारी कुणी माझ्यावर टाकली तर मला वाईट वाटेल. १८८२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या त्या घरांबद्दलही त्याने असंच हात झटकले. आपलं नाव आपल्याला न पटणाऱ्या वस्तूंवर चिकटलेलं पाहत तो पुढची कितीतरी वर्षं जगला. आपण निदान प्रत्यय तरी जपून लावावा, असं मला कळकळीने वाटतं.

प्रत्येक नावाला हाच नियम लावता येत नाही. थॉमस चिपेंडेल हा अठराव्या शतकातला लंडनचा खराखुरा फर्निचर करणारा कारागीर, त्याचा स्वतःचा कारखाना होता. म्हणून 'चिपेंडेलची खुर्ची' ही अस्तित्वात असलेली, मोजकी आणि फार मोलाची वस्तू आहे, तर 'चिपेंडेल खुर्ची' कालपरवाचीही असू शकते. 'मॉरिस चेअर' हे प्रकरण आणखी वेगळं. मागे रेलता येणारी ती खुर्ची इंग्रज नक्षीकार विल्यम मॉरिसच्या कंपनीने विकली, पण तिची रचना वास्तुकार फिलिप वेबने केली, तीही ससेक्समधल्या एका सुताराकडच्या खुर्चीवरून. तिथे 'मॉरिसची' म्हणजे मॉरिसच्या कंपनीची, एवढंच धरायचं.

शैली, धाटणी, वळण, पठडी यांपैकी मी 'धाटणी' निवडतो. शैली म्हटलं की एका माणसाचा हात डोळ्यांपुढे येतो. पठडीत थोडा नापसंतीचा सूर आहे. 'वळणाचं' हा एरवी माझा आवडता शब्द, पण सरळ रेषेसाठी भांडणाऱ्या माणसाच्या नावापुढे तो नको. कुणी 'ईस्टलेकी' असं विशेषण सुचवेल. नागपुरी, विलायती यांच्या पंगतीत बसून ते पुन्हा गावाचंच नाव वाटेल, म्हणून तेही टाळावं.

शोध घेताना एक अडचण येईल. याच्या काकाचं नावही चार्ल्स लॉक ईस्टलेक. इंग्रजीत मधल्या नावात एका अक्षराचा फरक आहे, देवनागरीत तोही उरत नाही. काका चित्रकार, रॉयल अकॅडमीचे अध्यक्ष, लंडनच्या नॅशनल गॅलरीचे १८५५ पासूनचे पहिले संचालक. पुतण्याही पुढे १८७८ ते १८९८ त्याच गॅलरीत कीपर, म्हणजे संग्रहाची देखभाल पाहणारा अधिकारी, होता, त्यामुळे चांगल्या चांगल्या लेखांत दोघांची सरमिसळ होते. 'सर' ही पदवी काकांना होती. फर्निचरच्या संदर्भात 'सर चार्ल्स ईस्टलेक' दिसलं तर लिहिणाऱ्याने चुकीचा माणूस धरला आहे असं समजा.

आणि मुंबईच्या जुन्या घरांतलं काळ्या शिसवीचं फर्निचर त्याच शतकातलं असलं तरी त्याला हे नाव लावू नका. खोल, जाळीदार, वेलबुट्टीने भरलेलं ते कोरीव काम ईस्टलेकच्या सांगण्याच्या अगदी उलट टोकाला आहे. मला ते अतिशय आवडतं, पण त्याची ओळख 'मुंबईचं कोरीव शिसवी काम' अशीच द्यावी.

तुमच्या चिठ्ठीचं मराठी मी असं करीन : 'ईस्टलेक धाटणीचं खणांचं कपाट, आरसा व संगमरवरी फळीसह, अमेरिका, सुमारे १८८०'. लाकूड अक्रोडाचं असल्याची खात्री झाली तर तेही घाला. कारखान्याचा शिक्का बहुधा खणाच्या मागच्या किंवा खालच्या बाजूला असतो. तो सापडला तर 'चं' हा प्रत्यय त्या नावाला लावा.