तिला आता पुन्हा विचारू नका

ताई, मी बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. भाऊ-भावजय दिवाळीनंतर टोळीबरोबर कोल्हापूरकडं ऊसतोडीला गेले. त्यांची नऊ वर्षांची मुलगी माझ्यापाशी आहे. पंधरा दिवसांपासून ती अंथरूण ओलं करते, माझ्या चुलत दिराच्या घराकडं जायचं म्हटलं की रडते. खोदून विचारलं तर "काकांनी सांगू नको म्हणलंय" म्हणाली. मग सासूबाईंनी विचारलं, शाळेतल्या बाईंनी विचारलं. दरवेळी थोडं वेगळंच सांगते. सासरे म्हणतात, पोरगी खोटं बोलते, भावकीत बसवून एकदाच काय ते विचारू. मालक गप्प आहेत. लेकानं मोबाइलवर अमेरिकेतल्या अशा लेकरांच्या केंद्राची माहिती दाखवली. आपल्याकडं असं काही आहे का? की कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, भाऊ येईपर्यंत थांबू?
– एक आत्या

आत्याबाई, ती भावकीची बैठक आधी मोडा. काहीही कारण काढा, पण मोडा.

वेगळं सांगते म्हणजे खोटं बोलते असं नाही. नऊ वर्षांचं लेकरू समोरच्याचं तोंड बघून बोलतं. तुमच्यापाशी एक वाक्य निघालं. दुसऱ्या कुणाचा आवाज चढला की तेवढंही गिळून टाकतं. भावकीतल्या दहा बाप्यांपुढं, त्यात तो दीरही बसलेला, ती काय बोलणार? आणि उद्या खटला उभा राहिला तर समोरचा वकील नेमका याच फरकांवर बोट ठेवतो.

लेकानं दाखवलेलं केंद्र याच दुखण्यातून निघालं. अलाबामा राज्यातल्या हंट्सव्हिल शहरात १९८५ साली बड क्रेमर या सरकारी वकिलानं ते सुरू केलं. त्याआधी लेकरानं तीच गोष्ट पोलिसांना सांगायची, डॉक्टरांना सांगायची, वकिलांना सांगायची. केंद्रात लेकरू एका घरासारख्या जागी येतं आणि बाकीचे तिथं त्याच्यासाठी गोळा होतात. शिकून तयार झालेली एकच व्यक्ती त्याच्याशी बोलते. "त्यानं हात लावला का?" असं तोंडात शब्द घालत नाही, "काय झालं ते सांग" म्हणते आणि थांबते. पोलीस, वकील दुसऱ्या खोलीतून ऐकतात. तपासणी, समुपदेशन, घरच्यांना धीर देणं, सगळं त्याच टीमच्या हाती. काही घडलेलंच नसेल तर तेही अशा ऐकण्यातूनच कळतं. सासऱ्यांना हे जरूर सांगा.

आपल्याकडं सगळं असं एका छपराखाली सहसा मिळत नाही. पण लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात त्यातलं बरंच आहे, मागून घ्यावं लागतं एवढंच. जबाब घरी किंवा तिला बरं वाटेल तिथं घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, वर्दी न घालता. तुम्ही शेजारी बसू शकता. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करते, तेव्हाही विश्वासातलं माणूस जवळ हवं. अंगावर खूण सापडली नाही म्हणजे काही घडलं नाही, असं मात्र कुणी समजू नये. जिल्ह्याची बालकल्याण समिती तिला सोबतीला सहायक व्यक्ती देऊ शकते, ती खटला संपेपर्यंत बरोबर असते. आणि कोर्टात साक्ष देताना त्या माणसाचं तोंड तिला दिसू द्यायचं नाही, असा कायदाच आहे.

भाऊ येईपर्यंत थांबू नका. आजच १०९८ या लेकरांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा. तो फुकट आहे, रात्रीही लागतो. पुरावा जमवणं तुमचं काम नाही, संशय पुरे. खऱ्या मनानं खबर देणाऱ्यावर कारवाई होत नाही. उलट माहीत असून गप्प बसणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे मालकांच्या कानावर घाला, शाळेतल्या बाईंच्याही.

दिराला जाब विचारायला जाऊ नका. लेकराला त्या घराकडं पाठवू नका आणि त्याच्यासोबत क्षणभरही एकटं सोडू नका. ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत, तारीख घालून वहीत लिहून ठेवा. तिला एवढंच म्हणा, "सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही." "कुणाला सांगणार नाही" असा शब्द मात्र देऊ नका, तो तुम्हाला पाळता येणार नाही. अंथरुणावरून रागावू नका.

भावाला फोन करताना ती जवळ नसू द्या. कोयता सोडून दोघांना येता आलं नाही तरी भावजयीला येऊ द्या. मुकादमाला खरं कारण सांगायची गरज नाही. घरी आजारपण आहे, एवढं पुरे.